मे महिन्यातला डोंगर पहाटेचा

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 13 वर्षांचा. सासरे 66 वर्षांचे आहेत. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, पण रोज फिरतात. गेल्या मे महिन्यात एका रविवारी नवरा, मी आणि मुलं असे आम्ही चौघं आतकरवाडीहून सिंहगड चढायला गेलो. नाश्ता करून पायथ्याशी पोचेपर्यंत पावणेनऊ झाले. प्रत्येकी एक लिटर पाणी, वेफर्स आणि कोल्ड्रिंकची मोठी बाटली बरोबर होती. अर्ध्याच्या वर गेल्यावर मुलीचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिथूनच परतलो. तेव्हापासून घरात नियमच झालाय, उन्हाळ्यात डोंगर नाही. सासरे म्हणतात, "पाऊस पडू दे, मग जा." पण मोठी सुट्टी उन्हाळ्यातच असते आणि मुलं दिवसभर मोबाइल घेऊन लोळतात. यंदा जावं का? पाणी किती न्यायचं, खायचं काय? सासऱ्यांना कुठे नेता येईल? मुलांना पोहायचंही आहे. नवऱ्याचं म्हणणं, खडकवासल्याच्या बॅकवॉटरला जाऊ. मेअखेरीस माझ्या माहेरी, रेवदंड्याला जाणार आहोत, तिथे समुद्र आहेच. 
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, यंदा जरूर जा. सासऱ्यांची काळजी खोटी नाही, पण पावसाळ्यातला सिंहगड काही जास्त सुरक्षित असतो असं नाही. निसरडी वाट, धुकं, दरडी आणि शनिवार-रविवारची जत्रा, हे सगळं तेव्हाच असतं. उन्हाळ्यात हवा कोरडी, वाट दिसणारी आणि पहाट थंड. गेल्या वर्षी तुमचं गणित चुकलं ते घड्याळात.

पुण्यात मे महिन्यात पहाटे साधारण 22 ते 24 अंश तापमान असतं आणि दुपारी तेच 37 ते 40 पर्यंत जातं. सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची, सर्वांत तापलेली दुपारी तीनच्या सुमाराची. आतकरवाडीची वाट साधारण 600 मीटर चढते आणि तिच्यावर सावली कमीच. मुलांना घेऊन वर पोचायला दोन तास धरले, तर पावणेनऊला निघालेल्या माणसाचा सगळा चढ नऊ ते अकरात येतो आणि उतरणं भर बारा वाजता. काळा कातळ आणि मुरूम नऊपासूनच तापायला लागतात, म्हणजे वरून ऊन आणि खालून धग. डोंगर तोच, दिवस तोच, पण तीन तास आधी निघाला असतात तर कुणाच्या पोटात ढवळलंही नसतं.

त्यात भरल्या पोटी चढलात. खाल्ल्यावर रक्त पोटाकडे वळतं, चढताना ते पायांना हवं असतं आणि घाम काढून अंग गार ठेवायला कातडीलाही हवं असतं. तिघांना पुरवता पुरवता पोटाचा वाटा कमी होतो आणि मळमळ सुरू होते. त्यावर कोल्ड्रिंक पडलं. त्यात दर 100 मिलीला दहा ग्रॅमच्या वर साखर असते आणि मीठ जवळपास नसतंच. इतकं गोड पाणी पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं, पोट डबडबतं आणि शेवटी बाहेर येतं. मुलाच्या पोटऱ्यांचं कारण वेगळं. स्नायू दमलेले, घामावाटे मीठ गेलेलं आणि भरून काढायला साधं पाणी, तेही अपुरं. गोळा आला की खाली बसवायचं, पाय सरळ करायचा आणि पंजा हळूहळू गुडघ्याच्या दिशेने ओढून धरायचा. गोळा सुटला की चोळायचं आणि मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. लगेच चढायला लावलं तर तो पुन्हा येतो.

शेवटची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पंख्याखाली, एसीत आणि गाडीत राहणाऱ्या शरीराला उन्हाची सवयच नसते. ही सवय लावून घेता येते आणि तिला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो आणि तेवढ्याच चढाला हृदयाचे ठोके कमी पडतात. तुमच्या घरापासून तळजाई आणि पर्वती दोन्ही जवळ आहेत. जायचं ठरल्याच्या पंधरा दिवस आधीपासून चौघांनी रोज बाहेर पडा. पहिले चार दिवस सकाळी साडेसातला अर्धा तास तळजाईवर नुसतं चालणं. पुढे वेळ पाऊण तासावर आणि मग तासावर न्या. एक दिवसाआड पर्वतीच्या 103 पायऱ्यांच्या दोन-तीन फेऱ्या करा, त्यातली शेवटची पाठीवर पाण्याची सॅक घेऊन. दुपारच्या उन्हात उभं राहून काटक होण्याचे प्रयोग नकोत, सकाळचं कोवळं ऊन या कामाला पुरतं. मध्ये आठ-दहा दिवस खंड पडला तर सवय उतरायला लागते, म्हणून लग्नाकार्याला गावी जाऊन आलात तर पुन्हा चार दिवस टेकडी करा.

आता प्रत्यक्ष दिवस. रविवार टाळा, सुट्टीच आहे तर मंगळवार-बुधवार बघा. पावणेचारचा गजर लावा. निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि पेलाभर पाणी, बस्स. साडेचारला घर सोडलंत तर सव्वापाचच्या आत पायथा गाठता. प्रत्येकाच्या डोक्याला लावायची बॅटरी हवी. मोबाइलच्या उजेडाने एक हात अडकतो आणि वाट धड दिसत नाही. पावणेसहाच्या आत फटफटतं आणि सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, म्हणजे अंधारात जेमतेम अर्धा तास चालायचं. तेवढ्यात वाट चुकायची शक्यता असते ती ढोरवाटांमुळे. गुरांच्या वाटा डोंगराला आडव्या जातात आणि मळलेल्या दिसतात, पण चढ घेत नाहीत. पाच मिनिटं चालूनही चढ लागला नाही तर मागे फिरा. ही वाट पुणेकर पहाटेही चढत असतात, पुढे चाललेल्यांच्या मागे राहिलात तरी चालेल.

मुलीला सर्वांत पुढे ठेवा, नवऱ्याला सर्वांत मागे. वेग तिचा. चालता चालता बोलता येईल इतपतच चढायचं, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. तास-दीड तास चढून एकदम अर्धा तास बसण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटं उभ्याने थांबणं चांगलं. सव्वासात-साडेसातला वर पोचाल. तिथे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हा हक्काचा नाश्ता, पण आठ-सव्वाआठला उतरायला सुरुवात झालीच पाहिजे.

एक नियम घरूनच ठरवून निघा. साडेसात वाजता जिथे असाल तिथून मागे, मग पुणे दरवाजा समोर दिसत असला तरी. "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य उन्हाळ्यातल्या डोंगरावर फार महागात पडतं. साडेनऊपर्यंत पाय पायथ्याला लागले म्हणजे दिवस साधला.

हेच तंत्र दुसऱ्या कुठल्याही किल्ल्याला लागू. फक्त वाट कोणत्या अंगाने चढते ते आधी नकाशात बघून घ्या. पश्चिमेकडच्या उतारावर सकाळी उशिरापर्यंत डोंगराचीच सावली असते, पूर्वेकडचा उतार सूर्य उगवल्यापासून भाजतो. संध्याकाळी फिरायला जाताना हे उलटं करायचं. जंगलातून जाणारी वाट मिळाली तर सोन्याहून पिवळं. वासोटा त्यातलाच. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जायचं आणि मग जवळजवळ सगळी चाल दाट झाडीतून. मात्र तो कोयना अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि मुक्काम करता येत नाही. मुलगा आणि त्याचे बाबा तिथे जाऊ शकतील. मुलीला अजून एक-दोन वर्षं थांबवा.

पाण्याचं बोलू. दर वीस मिनिटांनी मोठ्यांनी 200 मिली, मुलाने तेवढंच, मुलीने 100 ते 150. तहान लागायची वाट बघायची नाही. मुलं रमली की त्यांना तहान कळत नाही. शिवाय त्यांचं अंग वजनाच्या मानाने उघड्या हवेला जास्त लागतं, त्यामुळे बाहेर तापलं की तीही लवकर तापतात. चार तासांच्या फेरीला मोठ्यांचे तीन-तीन लिटर, मुलाचे अडीच आणि मुलीचे पावणेदोन, असे सव्वादहा लिटर झाले. आकडा ऐकून घाबरू नका, थोडं गाडीत ठेवता येतं. डोंगरावर आठ लिटर तरी जायलाच हवेत. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको. मुलगी 28 किलोची असेल तर सॅक धरून अडीच-पावणेतीन किलो, म्हणजे तिचं स्वतःचं पाणी आणि टोपी. बाकीचं तुम्हा दोघांच्या खांद्यावर. वर देवटाक्याचं पाणी गोड म्हणून प्रसिद्ध आहे, पण मे महिन्यात गडावरच्या कुठल्याही टाक्याच्या भरवशावर निघू नका. तळाला गेलेलं पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं राहत नाही.

सगळं पाणी साधं नको. घटाघटा साधंच पाणी पीत राहिलं आणि मीठ घामावाटे जात राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. त्यानेही डोकं दुखतं आणि मळमळतं. मग माणूस आणखी पाणी पितो आणि जास्तच बिघडतो. दर तीन घोट साध्या पाण्यामागे एक घोट मिठाचा, एवढं सांभाळा. एका बाटलीत ओआरएस ठेवा. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, त्यात काटकसर नाही आणि अंदाजही नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर ते इतकं दाट होतं की शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. ओआरएससारखी दिसणारी खोक्यातली गोड पेयं वेगळी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ चिमटीने नाही, चमच्यानेच मोजायचं.

मुलांना ती चव आवडत नसेल तर पन्हं करा. दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढायचा, त्यात पाऊणशे ग्रॅम गूळ आणि अर्धा चमचा मीठ, आणि सगळं मिळून सव्वा लिटर होईपर्यंत पाणी. नेहमी घरी करता त्यापेक्षा हे पातळ आणि कमी गोड लागेल, तसंच हवं. ताक उत्तम, पण ते गाडीत बर्फाच्या डब्यात ठेवून उतरल्यावर प्या. सॅकेत तीन तासांत आंबतं.

खाण्यात वेफर्सपेक्षा मीठ लावलेली काकडी, दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की. उकडलेल्या बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात हे तीन पदार्थ मे महिन्यात डब्यात नकोतच, दहाच्या आत वास यायला लागतो. चॉकलेट वितळतं, त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. बिनबाह्यांचा शर्ट गार वाटतो, पण त्यात कातडी थेट भाजते. टोपी चारी बाजूंनी कड असलेली हवी. क्रिकेटच्या टोपीने मान आणि कान उघडे राहतात. एक पातळ पंचा किंवा उपरणं भिजवून मानेभोवती टाकलं तर कोरड्या हवेत त्यासारखं दुसरं काही नाही. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. कोकणात मात्र हवाच दमट, तिथे पंचा सुकत नाही आणि घामही नाही. म्हणून रेवदंड्याचे 33 अंश पुण्याच्या 38 पेक्षा जड जातात, तिथे भर उन्हात मुलांना पळवू नका.

उन्हाळ्यात चढताना ऊन त्रास देतं, उतरताना घसारा. वाटेवरचा मुरूम सुकून सुटा होतो आणि कातळावर ज्वारीच्या दाण्यांसारखा पसरतो, त्याखाली घट्ट जमीन असते. पाऊल पडलं की दाणे घरंगळतात आणि माणूस पाठीवर येतो. भीतीने सगळे मागे झुकतात आणि त्यानेच घसरतात, कारण मागे झुकल्यावर वजन टाचेच्या कडेवर येतं आणि पाऊल पुढे निसटतं. गुडघे वाकवायचे, छाती किंचित पुढे, अख्खा तळवा सपाट टेकवायचा, पावलं छोटी. फारच तीव्र असेल तिथे शरीर आडवं करून एका बाजूने उतरायचं, खालचा पाय आधी, मग वरचा त्याच्याजवळ. वाटेच्या मधोमध चकचकीत झालेल्या पट्ट्यापेक्षा कडेला जिथे दगड रुतलेले आहेत तिथे पाय ठेवा. सुकलेल्या गवताला धरू नका, ते मुळासकट हातात येतं आणि कुसळं घुसतात. एकमेकांच्या थेट खाली उभं राहू नका, वरून सुटलेला लिंबाएवढा दगडही डोकं फोडतो. बुटांचे तळवे आदल्या दिवशी बघा. झिजून गुळगुळीत झालेले असतील तर शाळेच्या कॅनव्हासपेक्षाही वाईट. नखं कापलेली हवीत, नाहीतर उतरताना अंगठे बुटात आपटून काळेनिळे होतात.

मुलीला गेल्या वर्षी झालं त्याला आपण ऊन लागणं म्हणतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंग घामाने थबथबलेलं, चेहरा फिका. पहिल्या डोकेदुखीलाच थांबायचं. सावलीत आडवं करा, पाय सॅकेवर उंच ठेवा, बूट-मोजे काढा, कपडे भिजवा आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घाला. उलटी थांबली की दर दोन मिनिटांनी एक-एक घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. वाटलं तरी त्या दिवशी वर जायचं नाही, ऊन उतरल्यावर किंवा सावली धरून खाली.

उष्माघात ही याच्या पुढची पायरी, आणि तिची खूण थर्मामीटरपेक्षा बोलण्यात आधी दिसते. आज वार कोणता विचारलं तर भलतंच उत्तर, अडखळत चालणं, चिडचिड, शुद्ध हरपणं. घाम असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नका. अशा वेळी 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. जवळचं सगळं पाणी अंगावर ओता, जोराने वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा. जितक्या लवकर अंग गार होईल तितका मेंदू वाचतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळीही नको. हा ताप जंतूंमुळे चढलेला नसतो, त्यामुळे ती गोळी इथे काम करत नाही, उलट यकृताला भार.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव असतो. तो बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून पहाटेच्या चढाईला त्याची भीती कमी. पण संध्याकाळी टेकडीवर असाल आणि ढग दाटले तर वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजा. तीनला भाग दिला की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीसच्या आत आवाज आला तर लगेच माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, ते घालून ठेवा.

आग्या मोहोळाबद्दल एवढंच, की कड्याला काळे लोंबते पोळे दिसले तर तिथे ओरडायचं नाही, अत्तर मारून जायचं नाही, शेकोटी किंवा सिगारेट तर नाहीच. माश्या उठल्या तर पंच्याने तोंड झाकून सरळ पळत सुटा, थांबून हात झटकू नका. तिथून बाहेर पडल्यावर काटे नखाने खरवडून लगेच काढा, ते आतच राहिले तर विष उतरत राहतं. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना. दगडावर बसण्याआधी काठीने आजूबाजूला आपटा, उन्हाळ्यात फुरसं दगडाआड सावलीला असतं. चावलं तर पाय हलवू न देता ग्रामीण रुग्णालयात न्या. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नको. आणि वणवा दिसला तर वर पळू नका, आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या बाजूला सरका.

सासऱ्यांसाठी माथेरान. दर 1000 मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. माथेरान 800 मीटरवर आहे, म्हणजे नेरळपेक्षा पाच अंश कमी, आणि वर झाडी. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या जात नाहीत. तिथून बाजारपेठेपर्यंत रेल्वेरुळांच्या कडेने अडीच-तीन किलोमीटर सपाट चाल आहे, कुणी दमलं तर अमन लॉजहून छोटी गाडी मिळते. सकाळी पॅनोरमा पॉइंट, दुपारी झोप, संध्याकाळी शार्लोट तळं. माकडांपुढे पिशवी उघडू नका. सासऱ्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी किंवा नाडी मंद ठेवणारी गोळी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पहिलीने अंगातलं पाणी लवकर कमी होतं, दुसरीने चढावर हृदय हवं तेवढं वेग घेत नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आणि मिठाचं पाणी त्यांना किती चालेल हेही डॉक्टरांनीच सांगावं.

आता पोहणं. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला नवऱ्याने एकट्यानेही जाऊ नये, मुलांना तर नाहीच. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठाला ओला गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो आणि काढायला जावं तर दुसराही रुततो. पुढे दहा पावलं कमरेएवढं पाणी, अकराव्या पावलाला जुन्या नदीचं पात्र, तळ नाही. जीवरक्षक कुणी नसतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही, तोंड पाण्याच्या रेषेवर आणि गप्प, त्यामुळे शेजारी असलेल्याला कळतही नाही.

आधी मुलांना तलावावर रीतसर शिकवा. न थांबता 50 मीटर आणि पाठीवर पाच मिनिटं तरंगता आलं की पुढचा विचार. विहिरीत पोहायला मिळत असेल तर मालकाला विचारून, पायऱ्या असलेल्याच विहिरीत, आणि आधी पाण्याची खोली दोर सोडून मोजा. पाणी उतरलं की मधला कातळाचा टप्पा पाण्याखाली हातभर येतो आणि सूर मारणाऱ्याची मान मोडते. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून शिकणं चांगलंच, पण काठावर पोहणारं मोठं माणूस हवं आणि जवळ दोर व झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन. कुणी गटांगळ्या खाऊ लागलं तर आधी कॅन फेका, उडी सर्वांत शेवटी.

रेवदंड्याला एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथे कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते आणि ओहोटीला सगळं पाणी त्या मुखातून बाहेर खेचलं जातं. मुखाच्या बाजूला कधीच नाही, आणि ओहोटी चालू असताना तर कुठेच नाही. भरती चढत असताना, सकाळी किंवा साडेचारनंतर, कमरेएवढ्याच पाण्यात. लाटा दोन्हीकडे फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गढूळ, शांत दिसतोय, तर तिथेच ओढ असते. कुणी त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावं. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, गावातल्या कोळ्यांनी नको म्हटलं की नको.

भरतीची वेळ माहेरच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असेल. तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि सहा तासांच्या थोडं मागेपुढे पूर्ण ओहोटी. तास-अर्धा तास फरक पडू शकतो, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून बघा. हाच हिशेब कुलाबा किल्ल्याला चालत जायला लागतो. वद्य द्वितीया-तृतीयेला भरती दीड-सव्वादोनला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात-आठला. ऊनही नाही आणि पाणीही नाही. ओहोटीच्या तासभर आधी अलिबागच्या वाळूतून निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत काठाला लागा. किल्ल्याचं दार आणि तिकीट खिडकी किती वाजता उघडते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. मुलांना अनवाणी सोडू नका, खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात.